मोरस

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात गोडाच्या दोन जाती होत्या. गूळ मडक्यात असे आणि तो कुणीही घ्यावा. मोरस मात्र कडीच्या डब्यात असे आणि त्या डब्याला हात लावायचा तो फक्त आजीने. साखरेला ती साखर म्हणत नसे. "मोरस काढ गं," अशी हाक आली की आम्ही पोरे ओळखत असू, ओटीवर कुणी मानाचा पाहुणा येऊन टेकला आहे. मॉरिशस बेटावरून मुंबई बंदरात उतरणारी पांढरी साखर ती मोरस, हे मला पुष्कळ पुढे कळले. तोवर मोरस हे एखाद्या झाडाचे नाव असावे, अशीच माझी समजूत होती.

या शब्दाचा आमच्या घरात आणखीही एक उपयोग होता. पितृपक्षात आजोबा पितरांसाठी जितकी पाने वाढीत, त्यांत एक पान जास्तीचे असे. ते कुणाचे म्हणून विचारले, तर उत्तर ठरलेले: "तो मोरसला गेला, त्याचे." आजीच्या सासऱ्यांचा तो कुणी चुलता होता. डोक्यावर कर्ज झाले म्हणून मुंबईस गेला आणि तिथून जहाजात बसला. पत्र नाही, निरोप नाही. पुढे त्याचे नावही घरात कुणाच्या ध्यानात राहिले नाही. ज्या बेटाने आमच्या घरातला एक माणूस नेला, त्याच बेटाचे नाव आम्ही साखरेच्या डब्यावरून जिभेवर खेळवीत होतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

यंदाच्या भाद्रपदात मी ते बेट पाहून आलो. मी खेड्यातला शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मान देतात एवढेच. स्वतःच्या पैशाने समुद्रापार जाण्याची माझी ऐपत नाही. माझा एक जुना विद्यार्थी तिथे एका हॉटेलात आचारी आहे. वर्गात त्याला पाढे कधी आले नाहीत, पण त्यानेच तिकीट धाडले आणि लिहिले, "गुरुजी, आठ दिवस या. गणपतीत या. रोज सकाळी निघू, संध्याकाळी परत येऊ. शेत, बाग, रान, सण, सगळे दाखवतो."

गणपतीत घर सोडायचे म्हणजे कोकणातल्या माणसाला धर्म सोडण्यासारखेच. थोरला भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो एवढेच: "घरचा गणपती सोडून तिकडचा बघायला चाललास होय?"

त्या 'बघायला'वर त्याने असा काही जोर दिला, की विमानात सहा तास तो शब्द माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून होता. आपण देवाला 'बघत' नाही; देवाचे दर्शन घेतो. आजाऱ्याला बघायला जातो, मुलगी बघायला जातो, जत्रेतला तमाशा बघायला जातो. दुसऱ्याचे शेत, दुसऱ्याचे रान, दुसऱ्याचा सण एका दिवसात बघून यायचा, त्यात आनंद मानायचा आणि रात्री परत येऊन अंथरुणावर पडायचे, या गोष्टीला काय म्हणावे? हा निरुपद्रवी आनंद आहे, की फुकट जेवण आहे? त्या आठ दिवसांत हा प्रश्न माझ्या मागे लागला तो अजून सुटलेला नाही.

पहिल्या दिवशी ऊस. गाडीतून बाहेर पाहिले की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तोडणीचा हंगाम चालू होता. पण माझे लक्ष वेधून घेतले ते उसाने नव्हे. त्या हिरव्या शेतांच्या मध्येच काळ्या दगडांच्या राशी उभ्या होत्या. काही नुसते ढीग, काही नीट रचलेल्या, देवळाच्या चौथऱ्यासारख्या. मला वाटले, जुनी थडगी असावीत. विद्यार्थी म्हणाला, "नाही गुरुजी, हे शेतातले दगड." ते बेट ज्वालामुखीचे. उसाला जमीन हवी म्हणून एकेक दगड हातांनी उपटून बाजूला रचला गेला. पूर्वी गुलामांनी आणि १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपल्यावर हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये. आणि एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला हिशेब होता. तिथे अजून एक गोष्ट सांगतात: न्यायला आलेला दलाल म्हणे, त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने निघते. दगड तर त्यांनी सगळेच उलटले. त्या राशी म्हणजे त्या कामाची उरलेली पावती.

त्या दगडांपुढे उभे राहून मी काय केले? "वा, काय सुंदर दिसते!" असे म्हणालो. आणि ते खोटे नव्हते, हीच तर अडचण आहे. हिरव्या उसात ते काळे दगड, मागे निळे डोंगर, वर हिवाळ्यातले स्वच्छ ऊन (तिकडे आपल्या भाद्रपदात थंडी असते), हे सुंदरच होते. दुःखावर उभे असलेले सौंदर्य पाहून डोळे मिटून घ्यायचे काय? की ते दुःख ठाऊक झाल्यावरही त्याची मजा घेता येते, याची लाज धरायची? शेजारी बो प्लाँ येथे १७९७ सालचा एक साखर कारखाना होता. तो १९९९ मध्ये बंद पडला आणि आता त्याचे संग्रहालय झाले आहे. तिथे मोठमोठी चाके पाहून झाल्यावर शेवटी तऱ्हेतऱ्हेची साखर चमच्यातून चाखायला देतात. मी चाखली. दोनदा चाखली.

पाम्प्लेमूसच्या बागेविषयी फार लिहीत नाही. ती सगळेच पाहतात. ताटाएवढ्या नव्हे, परातीएवढ्या पानांची कमळे तिथे आहेत. आयुष्यात एकदाच फुलून मरणारे ताडाच्या जातीचे एक झाड आहे. ते फुलायला तीस-तीस, साठ-साठ वर्षे घेते. पण माझ्या लक्षात राहिला तो ही बाग १७७० च्या सुमारास नावारूपाला आणणारा पिएर पुआव्र. 'पुआव्र' म्हणजे फ्रेंच भाषेत मिरी, आणि हा गृहस्थ खरोखरच मसाल्याच्या नादी लागलेला. तरुणपणी समुद्रावरच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता. जायफळ आणि लवंग यांवर डच लोकांचा कडक पहारा होता; याने माणसे पाठवून मोलुक्का बेटांतून त्यांची रोपे चोरून आणविली आणि या बेटावर लावली. इथून लवंग पुढे झांजिबारपर्यंत गेली. आपल्या बासुंदीत जायफळ किसणाऱ्या गृहिणीला हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. तेव्हा चोरी वाईट की डचांची मक्तेदारी वाईट, यावर वर्गात वादविवाद ठेवण्याजोगा हा विषय आहे. एवढेच, की इतिहास पुआव्रचे नाव सांगतो. खड्डे खणणारे आणि पाणी घालणारे त्या काळी बेटावर गुलाम होते. त्यांच्या नावाची पाटी कोणत्याही झाडाला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेकडच्या डोंगरउतारावर एका चहाच्या मळ्यापाशी गेलो. तिथे जे घडले ते सांगताना अजून कान गरम होतात. सकाळचे धुके होते. पाठीवर टोपल्या बांधलेल्या पाच-सात बायका पाने खुडीत होत्या. त्यांची बोटे चालत होती ती पेटीवाल्याच्या बोटांसारखी. मी बांधावर उभा राहून फोनमध्ये त्यांचे फोटो काढू लागलो. एक पोक्त बाई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी दुसऱ्या बाजूने गेलो. तेव्हा ती हात न थांबवता त्यांच्या क्रिओल बोलीत काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या. मी विद्यार्थ्याला अर्थ विचारला. तो टाळू लागला. अखेर म्हणाला, "ती विचारते, तुमच्या देशात चहाचे मळे नाहीत काय?"

आहेत की! मी चाळीस वर्षांचे आयुष्य दिवसाला तीन कप या हिशेबाने चहा पिण्यात घालविले, आणि पान खुडणाऱ्या बाईचा चेहरा बघावा असे आसामाच्या वाटेने एकदाही मनात आले नाही. समुद्र ओलांडून इथे आल्यावर मात्र मला तो चेहरा हवा होता. कशाला? घरी जाऊन दाखवायला.

त्या बांधावर मला आमच्याच शेताचा बांध आठवला. काही वर्षांपूर्वीच्या आषाढात शहरातून एक बस भरून माणसे आमच्या वाडीत आली. शेजाऱ्याने पैसे घेऊन त्यांना भातलावणी 'अनुभवायला' बोलाविले होते. आमच्या वहिनी शेजारच्या खाचरात कंबरेत वाकून आवण लावीत होत्या. एक तरुण बांधावरून ओरडला, "मावशी, जरा इकडे बघा ना!" वहिनींनी पाहिले नाही, पण मी पाहिले. त्या दिवशी मला जो राग आला, त्यावर मी एक कथा लिहिली आणि ती छापूनही आली. तिच्यातला तो शहरी तरुण मी फार हलकट रंगविला होता. आता चहाच्या मळ्यात त्याच्या जागी मी उभा होतो, आणि मला माझा अजिबात हलकटपणा वाटत नव्हता. मला वाटत होते ते फक्त कुतूहल. बहुधा त्यालाही तेवढेच वाटत असावे.

आपल्याकडे नुसते पाहण्याला फार मोठा मान आहे. मुंडकोपनिषदात एका झाडावरच्या दोन पाखरांची गोष्ट येते. एक फळे खाते, दुसरे न खाता नुसते पाहत बसते. थोरवी पाहणाऱ्याची. लहानपणी पुराणिकबुवांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली तेव्हापासून 'साक्षी' हा शब्द मला फार उंच वाटत आला. मी प्रवासालाही निघालो तो मनातल्या मनात त्या दुसऱ्या पाखराच्या डौलात. मी काही घेत नाही, मी नुसता पाहतो! पण आमच्यासारख्यांचे पाहणे हे न खाण्याचे पाहणे नव्हे. ते डोळ्यांनी खाणेच आहे. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे मिळाले त्याचा वाटा न देता एकटाच भोगतो त्याला सरळ चोर म्हटले आहे. तिथे सौम्य शब्द वापरलेला नाही.

हे सगळे मी रात्री विद्यार्थ्याला ऐकविले. जरा व्याख्यानच झाले. तो भाजी चिरीत होता. म्हणाला, "गुरुजी, बघणारे नाही आले तर मी काय खाऊ?" मग त्याने सांगितले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे बेटाची दारे बंद झाली ती पुरती उघडली २०२१ च्या ऑक्टोबरात. त्या दीड वर्षात हॉटेलाच्या स्वयंपाकघरात त्याने स्वतःसाठी खिचडी केली, एवढाच स्वयंपाक. "तुमच्यासारखी माणसे बांधावर उभी राहतात, म्हणून माझी पोरगी गावात शाळेत जाते." पाढे न येणाऱ्या पोराने माझ्या सबंध तत्त्वज्ञानाला असा गुणाकार शिकविला. पैसे देऊन पाहिले म्हणजे देणे फिटले काय, हे विचारणे माझ्या जिभेवर होते. पण माझे तिकीट त्याच पैशातून आले होते, तेव्हा मी गप्प बसलो.

रानात गेलो त्या दिवशी मात्र या प्रश्नाची एक दुसरी बाजू दिसली. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नावाचे राखीव अरण्य आहे. १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. खोल दऱ्या, धबधबे, हिरवागार डोंगर. मी म्हणालो, "काय दाट रान आहे!" वाटाड्या हसला. त्यातले पुष्कळसे रान बाहेरून आलेले. तिथले खरे, जुने अरण्य सबंध बेटावर दोन टक्केही शाबूत नाही. डचांनी आबनूस तोडला, पुढे उसाने जमीन घेतली, आणि उरल्यासुरल्या जागेत चिनी पेरू शिरला. हा लहानसा तांबडा पेरू फार गोड. हंगामात तिथली कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन तो तोडायला रानात जातात, मीठमिरची लावून खातात. पोरांना तर ती पर्वणीच. आणि तेच झाड खालच्या देशी रोपट्यांचा ऊन-वारा बंद करून अरण्य मारीत आहे. काही जागांना कुंपण घालून माणसे तो हातांनी उपटून काढतात, एकेक रोप. मला पुन्हा ते दगड उपटणारे हात आठवले.

त्याच रानात एक ससाणा आहे, फक्त त्या बेटावरचा. १९७४ मध्ये त्याचे चारच पक्षी माहीत होते. ज्या बेटावर डोडो संपला, तिथे आणखी एक जात संपायची म्हणजे नवल नव्हते. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा एक तरुण वेल्समधून तिथे आला. त्याने काय केले? पाहिले. वर्षानुवर्षे पाहिले. घरटी पाहिली, अंडी पाहिली, पिल्ले हातांनी भरवून वाढविली. ससाणा वाचला. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरले होते. तेही आता काहीशे आहेत. मला त्यातले एक दिसले. फांदीवर फुगून बसले होते, जरा बावळटच दिसत होते. तिथे मला वाटून गेले, की साक्षी या शब्दाचा कोर्टातला अर्थ आपण पोथीतल्या अर्थापुढे उगाच हलका मानतो. कोर्टातल्या साक्षीदाराला नुसते पाहून सुटका नसते. पुन्हा बोलाविले की जावे लागते, उभे राहावे लागते, पाहिले ते सांगावे लागते, आणि कधीकधी त्याची किंमत मोजावी लागते. एका दिवसात परतणाऱ्याला हे समन्स बजावायचे कुणी?

एक दिवस पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाटावर काढला. दगडी सोळा पायऱ्या. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसे बेटावर उतरली. त्यांतली बहुतेक या धक्क्याच्या वाटेने वर चढली. प्रत्येकाला एक नंबर मिळे. त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. पणतू-खापरपणतू येऊन आपला माणूस शोधतात. मला कुणी विचारले, "तुमच्या माणसाचे नाव?" मी काय सांगणार? त्यांच्याकडे नंबर होता, आमच्याकडे तेही नव्हते. मी त्या पायऱ्या चढलो आणि उतरलो. फोटो काढला नाही. त्यात मोठेपणा काही नाही. त्या वेळी सुचलेच नाही.

गणपती मात्र मनासारखा झाला. तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज बहुतेक आपल्या बाजूचेच, मुंबई बंदरातून गेलेले. घरात क्रिओल बोलतात, पोरांना मराठी शाळेत शिकवतात. एक मुलगा आरती म्हणत होता ती रोमन अक्षरांत लिहिलेल्या कागदावरून; पण चाल आमचीच. विसर्जनाला नऊवारी नेसलेल्या बायका, ढोलकी, आणि ज्याला ते 'झाकरी' म्हणतात तो नाच. दोन पावले पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती आमची जाखडी! दीडशे वर्षे समुद्रापलीकडे राहून त्या पावलांनी ठेका सोडला नव्हता. किनाऱ्यावर सुरूची झाडे होती, थेट आपल्याकडच्यासारखी.

मी फोन उंच धरून उभा होतो. मूर्तीचा पाट उचलायची वेळ झाली. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वळून, एकेक शब्द आठवून बोलल्यासारखे म्हणाले, "गाववाले, हात लावा." मी फोन विद्यार्थ्याच्या हातात कोंबला आणि पाटाला खांदा दिला. गुडघाभर पाण्यात शिरलो. थंड पाणी होते. खरे सांगायचे तर त्या क्षणीही माझ्यातला कादंबरीकार बाजूला उभा राहून पाहतच होता, आणि हे लिहायला छान आहे असे म्हणत होता. पण पाट जड होता, आणि त्या जडपणामुळे त्याला फार वेळ बोलता आले नाही.

परत आलो तो पितृपक्ष लागला. येताना तिथल्या तपकिरी साखरेची एक पुडी आणली होती. सर्वपित्रीच्या दिवशी भावाने पाने मांडली. जास्तीचे पान नेहमीप्रमाणे शेवटी. मी पुडी पुढे केली आणि म्हणालो, "दादा, त्याच्या पानावर ही चिमूटभर वाढ. तिकडची आहे."

भावाने पुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "आयुष्यभर ऊस तोडला असेल त्याने. त्याला साखर कशाला?" असे म्हणून त्याने त्या पानावर वडा आणि खीर वाढली, आणि वरून थोडा जास्तीचा भात.

पुडी फळीवर आहे. दिवाळीच्या करंज्यांत ती घालावी असे वहिनींचे म्हणणे. घालू नये असे भावाचे. मला कुणी विचारलेले नाही.